परवलीचा शब्द

कुलुपाचें बळ लोखंडांत नसतें. त्याची किल्ली दुसऱ्या कोणापाशीं नाहीं, यांत तें असतें, हें कोणाहि गृहिणीस सांगावयास नको. असें असतां, ज्या घरांत कपाटाची किल्ली कमरेची सुटत नाहीं, त्याच घरांतील कॅमेऱ्याचा व राउटरचा परवलीचा शब्द मात्र कारखान्यांतून आला तसाच राहतो. कित्येकदां नांव 'अ‍ॅडमिन' आणि शब्दहि 'अ‍ॅडमिन'! तोच शब्द त्या जातीच्या हजारों यंत्रांस दिलेला असतो, आणि सोबतच्या पुस्तिकेंत छापलेलाहि असतो.

आमच्या शेजारच्या काकू वृद्ध व एकट्या आहेत. आईची खुशाली दुरूनहि कळावी म्हणून बंगळुरास असलेल्या मुलानें त्यांच्या दिवाणखान्यांत कॅमेरा बसवून घेतला. परवलीचा शब्द बदलला काय, असें मीं विचारतां काकू हंसून म्हणाल्या, "अरे, आमच्या घरांत पाहण्यासारखें आहे तरी काय? मी आणि माझी जपमाळ!" हें उत्तर मीं अनेक सुशिक्षित घरांतून ऐकिलें आहे. परंतु वृद्ध बाई घरांत एकटी केव्हां असते आणि बाहेर केव्हां जाते, हें परक्यास दिसणें ही कांहीं लहान गोष्ट नव्हे.

शिवाय चोरास पुष्कळदां आपलें घर लुटावयाचें नसतेंच. आपल्या गच्चीवरून दुसऱ्याच्या घरावर दगड मारावयाचे असतात. इ. स. २०१६ मध्यें अमेरिकेंतील तीन तरुणांनीं 'मिराई' नांवाची आज्ञावली रचिली. तिच्यांत अघटित अशी विद्या नव्हती. कारखान्यांनीं दिलेल्या नांवांच्या व परवलीच्या शब्दांच्या सुमारें ६० जोड्या तिच्यापाशीं होत्या; इंटरनेटवर आढळेल त्या यंत्राच्या दाराशीं ती त्या लावून पाही. तेवढ्यानें एका वेळीं सुमारें ६ लक्ष यंत्रें तिच्या कह्यांत गेलीं. पुढें ती आज्ञावली सर्वांस खुली झाली, आणि त्याच वर्षीं २१ ऑक्टोबर रोजीं अशा यंत्रांच्या झुंडीनें 'डिन' या कंपनीवर निरर्थक मागण्यांचा भडिमार केला. संकेतस्थळांचे पत्ते सांगण्याचें काम ही कंपनी करी; ती गुदमरतांच ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखीं स्थळें अनेकांस कित्येक तास उघडेनाशीं झालीं. ज्या घरांतील कॅमेरे या कामीं जुंपले गेले, तेथें बहुधा कोणास त्याची वार्ताहि नव्हती.

चुलींतील निखारे झांकल्यावांचून आमच्या आज्या निजत नसत. त्यांत स्वतःच्या घराइतकीच शेजारच्या घराचीहि काळजी असे. परवलीचा शब्द बदलणें हें त्याच जातीचें कर्तव्य होय. ब्रिटनमध्यें २९ एप्रिल २०२४ पासून, सर्व यंत्रांस एकच सोपा शब्द देऊन तीं विकण्यास कायद्यानें मनाई आहे. परंतु भिंतीवर आधींच बसलेल्या यंत्राची किल्ली कोणताहि कायदा बदलून देत नाहीं.

येथें दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. राउटरला शब्द दोन असतात: पाहुण्यास सांगतों तो वाय-फायचा, आणि दुसरा खुद्द यंत्राच्या कारभाराचा. पहिला बदलल्यानें दुसरा बदलत नाहीं. तसेंच, यंत्र बंद करून पुन्हा चालू केल्यास मिराई पुसली जाते खरी. पण जुनाच शब्द राहिल्यास ती थोड्याच मिनिटांत परत शिरूं शकते. नवा शब्द लांब असावा, आणि तो वहींत लिहून कपाटांत ठेवण्यास हरकत नाहीं; दूरदेशीं बसलेल्या चोराचा हात त्या कपाटापर्यंत पोंचत नाहीं.