मनातला गाळ

महाड-पोलादपूरच्या माणसाला जुलै महिन्याची ओळख करून द्यावी लागत नाही. सावित्री आणि गांधारी चढू लागल्या की बाजारपेठेतील माल माळ्यावर जातो, हा व्यापारी घरांचा जुनाच परिपाठ. 25-26 जुलै 2005 या दिवसांनी मात्र तो मोडला. दासगाव, जुई, रोहन, कोंडीवते येथे डोंगर खाली आले. दीडशेहून अधिक माणसे गेली. 22 जुलै 2021 रोजी महाड शहर पाण्यात असताना तळिये गावात ऐंशीहून अधिक जीव गाडले गेले आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही दरड कोसळली.

पाणी ओसरले की पंचनामा होतो. किती पोती भिजली, किती तागे गेले, सर्व लिहिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु अंधारात माळ्यावर बसून खालच्या पाण्याचा आवाज रात्रभर ऐकणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाच्या भीतीसाठी त्या कागदावर रकाना नसतो. वडील गाळ उपसण्यात गुंतलेले असतात. मुलगा काही सांगू लागला की घरातून उत्तर येते, "झाले ते झाले, आता तो विषय नको." सांगणाऱ्याच्या मनात मायाच असते. मुलगा मात्र एवढेच शिकतो की हे बोलायचे नसते. तो गप्प होतो आणि घर त्याला शहाणा म्हणते. पुढे कधीतरी पत्र्यावर पाऊस वाजू लागला की त्याची छाती धडधडते, झोप उडते, क्षुल्लक कारणाने राग उसळतो. कारण त्यालाही उमगत नाही. 2005 सालची ती मुले आज तिशीच्या घरात आहेत, गल्ल्यावर बसतात, संसार करतात.

जैन घरांत या मौनाला आणखी एक आधार मिळतो. इष्टवियोगाचे सतत चिंतन हे आर्तध्यान, म्हणून ते टाळावे, असे वडीलधारे सांगतात. शिकवण खरी आहे, तिचा वापर चुकतो. तोंड मिटल्याने आर्तध्यान थांबत नाही. ते आत चालूच राहते. समता साधनेने येते, "रडू नकोस" म्हटल्याने नव्हे. याच परंपरेत आलोचनाही आहे: मनातील शल्य गुरूंपुढे शब्दांत मांडावे लागते. अर्थात आलोचना दोषांची असते आणि दरडीतून वाचलेल्या मुलाचा दोष कोणताच नसतो. तरीही भाऊ गेला आणि आपण उरलो, याचा अपराधभाव मुले मनात बाळगतात. कोणी विचारले तरच तो बाहेर येतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी 1986 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातील आघाताविषयी लिहिले. घटना आणि तिच्याविषयीच्या भावना दोन्ही लिहिणारे त्या वेळी अधिक खिन्न झाले, पण पुढील सहा महिन्यांत दवाखान्याची पायरी कमी चढले. नुसती हकिकत लिहिणाऱ्यांना तसा लाभ दिसला नाही. व्यापारी माणसाला हा भेद सहज कळावा: आकडे लिहिणे वेगळे आणि तोटा सोसणे वेगळे.

बळजबरी मात्र नको. आपत्तीनंतर लगेच एकाच बैठकीत सर्व वदवून घेण्याने लाभ होत नाही, कधी अपायही होतो, असे पुढील अभ्यासांत आढळले आहे. लहान मुलाला कागद आणि खडू द्यावेत. तो काळे पाणी काढील, तर काढू द्यावे. मोठ्याने वहीत लिहावे, ती कोणाला दाखवण्याची गरज नाही. आणि आजोबांनी त्या रात्री आपलेही पाय कापत होते, हे नातवाला एकदा सांगावे. एवढ्याने झोप परतली नाही, तर जाणकाराकडे जावे. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही मिळते.