दबून खेळणं

हातात भारी पत्ते आले की ते लपवायचे कधी आणि दाखवायचे कधी? माझा नातू पोकर खेळतो, तो या लपवण्याला ‘स्लो प्ले’ म्हणतो. आमच्याकडे नागपुरात दिवाळीला तीन पत्ती चालते, तिथे त्याला दबून खेळणं म्हणतात. गोष्ट एकच, पण हिशेब वेगळा हं!

पोकरमध्ये टेबलावर पुढे आणखी पानं उघडत जातात. तुमच्या तीन अठ्ठ्या जमल्या, पण टेबलावरच्या पहिल्या तीन पानांत दोन बदाम आहेत. समोरच्याकडे अजून दोन बदाम असले, तर पुढच्या दोन पानांत त्याला पाचवा मिळण्याची शक्यता शंभरात ३५. तेव्हा गप्प बसू नये, जोरात लावावं. टेबलावर राजा, अठ्ठी, तिर्री अशी वेगवेगळ्या रंगांची पानं असतील तर मात्र थांबावं. त्यालाही काहीतरी जमू द्यावं, म्हणजे तो पैसे टाकेल.

तीन पत्तीत नंतर पान येतच नाही. तीन सत्त्या शेवटपर्यंत तीन सत्त्याच. एकूण हात २२,१००, त्यांत ट्रेल फक्त ५२. आणि १६,४४० हातांत साधी जोडीसुद्धा नसते! म्हणजे समोरचे बहुधा रिकामे. मोठी चाल आली की पटापट पॅक करतात. म्हणून ट्रेल आली की कमीत कमी चाल चालायची, साइड शो मागायचा नाही, चेहरा पडलेला ठेवायचा. जोडीवर मात्र दबू नये, एक्क्यांची असली तरी. तिच्यावर १,९१६ हात भारी पडतात; सहा जण खेळत असले तर तीनातून एकदा तरी कुणाकडे तसा हात निघतोच.

इथवर नातवाला पटलं. पण समोर कोण बसलंय हेही बघावं लागतं, हे त्याला पटेना. म्हणून त्याला त्याच्या पणजीची गोष्ट सांगितली.

माझ्या सासूबाई दबून खेळण्यात पक्क्या. महालातल्या आमच्या वाड्यात त्यांच्या पडलेल्या चेहऱ्याला सगळे फसायचे. १९८६ च्या दिवाळीत धाकट्या भाऊजींचं मिलमधलं काम सुटलेलं होतं आणि ते हरलेले पैसे भरून काढायला इरेला पेटले होते. शेवटी दोघंच उरले. सासूबाईंनी पत्ते पाहिले आणि एकदम मोठी चाल आपटली. भाऊजींनी वैतागून पत्ते टाकले.

“आई, तू तं खेळूच नाही देऊन राहिली ना बाप्पा!”

“नाही देत. जा, जेवून घे.”

पत्ते न दाखवता त्यांनी गड्डीत सरकवले. मी शेजारी होते म्हणून दिसलं. तीन राण्या!

“मग पणजीला मिळाले किती?” नातवाने विचारलं.

सगळे धरून साडेतीन रुपये.