गेलाय आणि गेला

आमच्या पालीत समुद्राची गोष्ट काढली की माणसं हसतात. आमचं मोठं पाणी म्हणजे बिंदुसरेचं धरण. भरलं की सांडव्यावरून चादर पडते, बीडहून पोरं मोटारसायकली घेऊन फोटो काढायला येतात. नाही भरलं तर तळाच्या भेगा बघाव्यात.

तरी या धरणाच्या भिंतीवर बसलं की मला एक खलाशी पोरगा आठवतो. आठवतो म्हणणंही खोटंच. मी त्याला कधी पाहिलेलं नाही. मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होमसाठी नावांची एक वही केली गेली. दुसऱ्या महायुद्धात समुद्रातच राहिलेले नौदलाचे ४०० आणि व्यापारी जहाजांवरचे जवळजवळ ६००० हिंदी नाविक तिच्यात आहेत. त्यात विशीही न ओलांडलेली पोरं आहेत. माझा पोरगा त्यांतलाच कुणीतरी. बंदूक हाती न धरता युद्धात मेलेला.

रत्नागिरीकडची, गोव्याची, कच्छची, सिल्हेटची ही माणसं. पण त्यांच्या कामाची रीत वाचली तेव्हा मला कोकण दिसलं नाही, आपला ऊसतोडीचा मुकादमच दिसला. सारंग, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, आपल्याच मुलखातली पोरं गोळा करायचा. बंदरावरचा घाट-सारंग पैसे पुढं करायचा. कर्ज आधी अंगावर चढायचं, मग माणूस बोटीवर. पगार गोऱ्या खलाशाच्या चौथाईच्या आसपास. दसरा-दिवाळी सरली की आमच्याकडे उचल घेतलेल्या जोड्या कोयता बांधून ट्रॅक्टरमध्ये बसतात, त्यात नि यात फरक इतकाच की ऊस बुडत नाही.

शेजारच्या म्हातारीला विचारावं, पोरगा कुठंय? ती म्हणते, ‘गेलाय.’ कारखान्याचं नाव सांगायची गरज नसते. त्या शेवटच्या ‘य’मध्ये परतीचा ट्रॅक्टर असतो, पाडव्याच्या आधीची धूळ असते. तो ‘य’ गळला, नुसतं ‘गेला’ उरलं, की त्या घरची चूल पेटत नाही.

समुद्रात राहिलेल्याच्या आईनं तो ‘य’ कधी सोडायचा? रीतीभातींनी सोय केलेली आहे. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. कोकणातले मुसलमान शाफई. त्यांच्यात जनाजा समोर नसतानाही नमाज पढता येते. पण पानांना पोराचा वास कुठून येणार?

अशा बुडालेल्या बोटींतलीच एक, ‘तिलावा’ नावाची आगबोट, २० नोव्हेंबर १९४२ ला मुंबईहून आफ्रिकेकडे निघाली. बोटीवर ९५८ माणसं. २३ च्या पहाटे जपानी पाणबुडीनं तिला गाठलं आणि २८० जण गेले. बहुतेक उतारू, काही खलाशी. मी पंचांग मागं मोजलं, तर ते दिवस त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपासचे निघतात. म्हणजे बोट बुडत होती तेव्हा वर चांदणं लख्ख असणार. मला अंधार बरा वाटला असता.

खलाशांच्या नावांच्या त्या वहीची जोडप्रत चितगावच्या युद्ध-दफनभूमीत, म्हणजे बंगालच्या उपसागराकाठी. आमची बिंदुसरा सिंदफणेला मिळते, सिंदफणा मांजरथला गोदावरीला, आणि गोदावरी त्याच उपसागराला. (वाटेत माजलगावचं धरण, पुढं तेलंगणातली धरणं; पालीचा थेंब तिथवर पोचतो का, हा हिशेब पाटबंधारेवाल्यांचा.)

गेल्या त्रिपुरीला मी धरणावर द्रोणात दिवा सोडला. गाव तोवर निम्मं रिकामं झालेलं. वारा पडला होता, दिवा काठालाच घोटाळत राहिला. म्हातारी तिचा दिवा घेऊन आली होती, कारखान्यावरच्या पोरासाठी.

‘तुझा कुणासाठी रं?’ तिनं विचारलं. ‘तुझी तर सगळी घरीच हायती.’

‘एक पोरगा गेलाय,’ मी म्हणालो.

तिनं कुठं ते विचारलं नाही. काठीनं पाणी ढवळून दोन्ही दिवे आत ढकलले.