दोरी कुठे बांधायची

काकांची गाडी एमजी टीसी, १९४७ सालची. दोनच माणसं बसतील एवढी, बुटकी, लांब नाकाडाची. वर कॅनव्हासचं छप्पर आणि चारी चाकं तारांच्या आऱ्यांची. इंग्लंडातल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून १९४५ ते १९४९ या काळात अशा दहाएक हजार गाड्या निघाल्या. त्यातली ही लखनऊला कशी पोचली याच्या काकांकडे वेगवेगळ्या कथा आहेत आणि प्रत्येकीत कुठला ना कुठला तालुकदार आहे. काका स्वतः आरडीएसओतून निवृत्त झालेले. रेल्वेच्या मानकनगरच्या या संशोधन संस्थेत त्यांनी नोकरीभर बोगी आणि कपलिंग यांचाच अभ्यास केला. त्यामुळे एका वाहनाने दुसऱ्याला ओढावं कसं, या विषयावर त्यांच्यापुढे तोंड उघडायची सोय नाही.

फेब्रुवारीतला रविवार होता. जुन्या गाड्यांची रॅली आटोपून आम्ही हजरतगंजमार्गे अलीगंजला घरी निघालो होतो. परिवर्तन चौक ओलांडला आणि बॉनेटखालून खरखर सुरू झाली. स्टेडियमच्या बाजूला येईतो ती वाढली, मागोमाग वाफ. काकांनी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. बॉनेटची बाजू उघडून पाहिलं तर वॉटर पंपाचं बेअरिंग गेलेलं. पुली बोटाने ढकलली तरी डगडग हलत होती आणि खाली पाणी ठिबकत होतं. पंप गेला की पाणी फिरत नाही, पाणी फिरलं नाही की हेड वाकतं. पुन्हा स्टार्टर मारून बघण्याचा मोह मला झाला, काकांना नाही.

लखनऊत बंद पडलेल्या गाडीभोवती गर्दी जमते तीही अदबीने. ‘हुज़ूर, धक्का लगा दें?’ असं निदान चौघांनी विचारलं. एक तरुण आपल्या गाडीतून जंप केबल घेऊन आला आणि काळा क्लिप थेट चॅसीला लावायला वाकला. काकांनी त्याचा हात धरला. या गाडीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं, आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. त्याने तो क्लिप लावला असता तर ठिणग्यांचा कारंजा उडाला असता. शिवाय बॅटरीला काही झालेलंच नव्हतं. काकांनी तिची वायरच सोडवून ठेवली.

मग एक लोडरवाला दोरी घेऊन आला. दोरीने ओढायला कायद्याची ना नाही. १९८९ च्या नियमांत दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरच्या आत, वेग ताशी २४ किलोमीटरपर्यंत, ओढल्या जाणाऱ्या गाडीत परवानाधारक चालक आणि तिच्या पाठीवर ठळक अक्षरांत ‘ऑन टो’ची पाटी असं सगळं सांगितलेलं होतं. काकांना ते पाठ आहे. अडचण दुसरीच होती. पुढे हनुमान सेतू. चढावर दोरी ताणलेली राहते, उतारावर मागची गाडी पुढचीवर धावून जाते, दोरी सैल पडते आणि पुढच्याने वेग घेतला की हिसका बसतो. आणि हा हिसका गाडीच्या कुठल्या भागाने सोसायचा? टीसीला बंपर नाही. लोडरवाल्याची नजर गेली ती दिव्यांमधल्या चकचकीत दांडीवर, मग खालच्या स्टिअरिंगच्या दांड्यावर. दोन्हींपैकी कशालाही दोरी बांधली असती तर दांडी तुटली असती किंवा दांडा वाकला असता. काकांनी त्याला चहा पाजून निरोप दिला.

फोन केल्यावर आधी आली ती क्रेन. पुढची चाकं उचलून मागची रस्त्यावर फिरत ठेवणारी. पुण्या-मुंबईत नो पार्किंगमधल्या गाड्या उचलतात त्या जातीची. ती काकांनी परत पाठवली, येण्याजाण्याचे पैसे देऊन. मला ते जरा अती वाटलं. पुलापलीकडे तर जायचं होतं! पण त्यांचं म्हणणं असं : इंजिन बंद आणि मागची चाकं फिरती, म्हणजे गिअरबॉक्समधला मागचा शाफ्ट फिरतो, पण तेल उडवणारा खालचा शाफ्ट उभा. कोरडं फिरवायचं कशाला? शिवाय पुढचे मडगार्ड इतके खाली उतरलेले की क्रेनचा हात त्यांना घासलाच असता. हे दुसरं कारण मला लगेच पटलं.

बऱ्याच वेळाने फ्लॅटबेड आला. ‘खिलौना है साहब, पाँच मिनट लगेंगे,’ चालक म्हणाला. गाडीचं वजन जेमतेम आठशे किलो, तेव्हा विंचला काहीच जड नव्हतं. पट्टा मात्र काकांनी स्वतः रस्त्यावर आडवं पडून पुढच्या अ‍ॅक्सलला, स्प्रिंगांच्या जवळ घातला. ब्रेकचा पाइप मोकळा सोडून. गाडी वर चढली. चालकाच्या पोऱ्याने हँडब्रेक ओढला, हात सोडला आणि गाडी मागे सरकली. चाकामागे काकांनी आधीच उटी लावून ठेवली होती म्हणून वीतभरच. या गाडीचा हँडब्रेक शर्यतीच्या गाडीसारखा : नुसता ओढून सोडला तर सुटतो, ओढून बटण दाबलं तरच अडकतो. पोऱ्या बराच वेळ त्या दांड्याकडे संशयाने पाहत होता.

बांधण्यावरून पुन्हा वाद. चालकाला हुक चाकाच्या आऱ्यांत अडकवायचे होते, सगळ्या गाड्यांना तो तसंच करतो. लोखंडी रिमला ते चालतं. इथे तारा आहेत, एक वाकली की चाक डुगडुगतं. मग त्याने चॅसीला पट्टे टाकून गाडी खाली दाबायचं सुचवलं. काका म्हणाले, ‘अरे, डबा स्प्रिंगवर डोलायलाच हवा, चाक तेवढं हलता कामा नये.’ हे मराठीत, माझ्याकडे बघून. चालकाला हिंदीत एवढंच सांगितलं की दोन पट्टे पुढच्या अ‍ॅक्सलवरून पुढे, दोन मागच्या अ‍ॅक्सलवरून मागे. चॅसी दाबून बांधली तर खड्ड्यात स्प्रिंग आणखी बसते आणि तेवढ्यात पट्टे ढिले होतात. टीसीची दारं मागच्या बाजूला बिजागरी असलेली, वाऱ्याने पुढून उघडणारी. त्यांना मी सुतळी बांधली. छप्पर आधीच खाली दुमडलेलं होतं.

सेतू उतरून आयटी चौराह्याला काकांनी पट्टे तपासायला थांबायला लावलं. पुढचा डावा पट्टा खरोखरच सैल झाला होता. चालकाने काही न बोलता रॅचेट आवळलं आणि उरलेले तिन्ही आपणहून तपासले. तिथून पुढे तो काकांना ‘साहब’ऐवजी ‘गुरुजी’ म्हणू लागला.

अलीगंजच्या आमच्या गल्लीत विजेच्या आणि केबलच्या वायरी एवढ्या खाली लोंबतात की फ्लॅटबेड आत शिरेना. गाडी तोंडाशीच उतरवली, विंचचा पट्टा इंचाइंचाने सोडत, काका ब्रेकवर. उरलेलं अंतर शेजाऱ्यांनी ढकललं. पंप दुसऱ्या दिवशी काढला आणि लाटूश रोडवरच्या एका लेथवाल्याकडे नेला. तो म्हणाला, मापाचं बेअरिंग मिळेल, सील मात्र बनवावं लागेल, चार दिवस द्या. काकांनी आठ दिले.