दुरुस्ती करणारे हात

मागच्या वर्षी आमच्या दादांना (म्हणजे वडिलांना) घशाचे शेक चालू होते. पारनेर तालुक्यातलं आमचं गाव ते नगर, आठवड्यातून पाच दिवस ये-जा. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण कंडक्टरकडे तिकीट मागताना तोंडातून अजून 'नगर'च निघतं. असो.

एकूण ३५ शेक, रोज २ ग्रे. दहाव्या दिवशी दादा वैतागले. "डॉक्टरसाहेब, काय द्यायचं ते एकदाच देऊन टाका की!" डॉक्टर हसले. म्हणाले, "बाबा, किरणांनी चांगल्या पेशीही तुटतात. त्या रात्रीतून स्वतःला बऱ्यापैकी सांधतात, गाठीतल्या पेशींना ते तितकं जमत नाही. म्हणून थोडं थोडं."

दादांना लगेच कांदा आठवला. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं 'कृषक' केंद्र २००२ मध्ये सुरू झालं. तिथे कांद्याला साधारण ६० ते ९० ग्रे एकदाच देतात. कोंबाच्या पेशींचा डीएनए असा तुटतो की त्या पुन्हा वाढत नाहीत आणि चाळीत कांद्याला मोड येत नाही. "म्हणजे कांद्याला सांधायला सवडच देत नाहीत," दादा म्हणाले. मी बघतच राहिलो!

त्या रात्री झोप येईना म्हणून वाचत बसलो आणि एका जिवाणूची ओळख झाली. डायनोकॉकस रेडिओड्युरन्स. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये आर्थर अँडरसन यांना तो सापडला. किरणांनी निर्जंतुक केलेल्या मांसाच्या डब्यात! माणसाच्या सगळ्या अंगाला एकदम ५ ग्रे बसले तर जिवावर बेतते. हा पठ्ठ्या ५००० ग्रे पचवतो. आपल्या तुर्भ्याच्या भाभा केंद्रातही त्याच्यावर बरीच वर्षं संशोधन झालं आहे.

त्याचा डीएनए तुटत नाही असं नाही हं. शेकडो तुकडे होतात. पण त्याच्याकडे त्याच्या अनेक प्रती असतात. एकाच पोथीच्या चार-पाच प्रती वेगवेगळ्या जागी फाटल्या, तर एकीवरून दुसरी जुळवता येते, तसं. रेकए नावाचं प्रथिन जुळता तुकडा शोधतं, पॉलिमरेज गाळलेली अक्षरं भरतं, लायगेज शेवटचा टाका घालतं. काही तासांत पोथी पुन्हा अखंड.

पण ही प्रथिनं तर बहुतेक जिवाणूंकडे असतात. मग हाच कसा वाचतो? त्याच्या अंगात मँगनीज भरपूर असतं. ते डीएनएला फारसं वाचवत नाही, प्रथिनांना वाचवतं. म्हणजे पोथी फाटली तरी चालेल, शिवणारे हात शाबूत हवेत.

हे वाचलं आणि चर्रकन आई आठवली. दादांसाठी पेज, पट्ट्या, गोळ्यांच्या वेळा, पहाटे डबा. स्वतः मात्र गुरुवार धरलेला, बाकीचे दिवस चहावर. आदल्याच आठवड्यात तिला चक्कर आली होती आणि आम्ही सगळ्यांनी "उन्हामुळे असेल" म्हणून सोडून दिलं होतं. सगळं घर दादांकडे बघत होतं. तिच्याकडे कोण बघत होतं?

दुसऱ्या दिवसापासून नगरला मी जायला लागलो. आणि जाण्याआधी आईचं ताट वाढून, ती जेवेपर्यंत समोर बसायचं. पहिल्या दिवशी ती चिडली. चौथ्या दिवशी तिने मीठ कमी आहे म्हणून सांगितलं.

दादा आता दुधात भाकरी कुस्करून खातात. आईचं ताट अजून मीच वाढतो...