पोच

रात्री दहाच्या सुमारास मागचं आवरून झालं की मी ह्यांना मेसेज टाकते, ‘जेवलात का?’ त्याखाली एकच टिक उमटते. दुसरी कधी पहाटे येते, कधी चार दिवसांनी. सासूबाई माझ्याकडे बघून म्हणतात, ‘आमच्या वेळी पत्र टाकलं की महिना महिना पोच नसायची.’ सासरेही फौजेत होते. त्यांच्या पत्त्यात गाव नव्हतं, तालुका नव्हता. नंबर, नाव, पलटण आणि शेवटी ‘५६ ए.पी.ओ.’ किंवा ‘९९ ए.पी.ओ.’ माणूस बर्फात आहे की वाळवंटात, हे पाकीट बघून कळायचं नाही. पोस्टमन आला की सासूबाईंना पोच मिळायची. तोवर धीर धरायचा.

पोच हा शब्द मला सासूबाईंनी दिला. आपण धाडलेलं कुणाच्या तरी हाती लागलं, एवढंच तो सांगतो. पण तेवढ्यासाठी बाईमाणूस वर्षं काढतं.

लग्न होऊन मी साताऱ्याकडून बदलापूरला आले. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंबरोबर उल्हासनगरला पडद्याचं कापड घ्यायला गेले. दुकानांच्या पाट्यांवर ‘कॅम्प नंबर २’, ‘कॅम्प नंबर ३’. मी विचारलं, ‘आई, इथे कुठली पलटण असते?’ त्या म्हणाल्या, ‘होती गं. इंग्रजांच्या वेळी.’

दुसऱ्या महायुद्धात कल्याणच्या या माळावर इंग्रज सरकारने सैनिकांसाठी तात्पुरती छावणी उभारली. युद्ध संपलं, बॅरकी रिकाम्या झाल्या. मग फाळणी झाली आणि सिंधमधून उठून आलेली सुमारे लाखभर माणसं याच बॅरकींत उतरवली गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीचं नाव उल्हासनगर झालं. नाव बदललं, तरी पत्त्यातला ‘कॅम्प’ राहिला. एक ते पाच. आजही माणसं कॅम्पात राहतात, कॅम्पात दुकान घालतात, कॅम्पात पोरीचं लग्न लावतात.

ज्या दुकानात आम्ही पडदे घेतले, तिथे गल्ल्याशेजारी एक म्हातारी बसलेली असे. सगळे तिला ‘दादी’ म्हणत. मला वाटलं, आजी. सिंधीत दादी म्हणजे मोठी बहीण, हे नंतर कळलं. ती लहानपणी बॅरकीत वाढलेली. मधे गोणपाट टांगून एका बॅरकीची कितीतरी घरं कशी झाली, ते ती हातांनी दाखवायची. ‘आईने दुसऱ्या दिवशी पापड लाटायला घेतले,’ ती म्हणाली. ‘रडायचं नंतर ठेवलं.’

हे वाक्य मी घरी घेऊन आले. पण त्याचा अर्थ उमगायला मला काही वर्षं लागली.

फौजीच्या घरात काळी लोखंडी ट्रंक असते. तिच्यावर पांढऱ्या रंगाने नंबर, हुद्दा, नाव लिहिलेलं. फॅमिली क्वार्टर मिळाला की ट्रंक निघते. ह्यांची पलटण फील्डवर गेली की ट्रंक बदलापूरला परत येते. जवानाला वर्षाला साठ दिवसांची वार्षिक रजा आणि तीस दिवसांची किरकोळ रजा. बाकीच्या दिवसांचं घर बायकोचं. गॅस संपणं, मुलाचा ताप, सासूबाईंचा मोतीबिंदू, शाळेतली पालकसभा हे सगळं तिच्या अंगावर. फोन लागला की मात्र ‘सगळं ठीक आहे’. हे खोटं बोलणं नव्हे. पहाऱ्यावरच्या माणसाच्या खांद्यावर घरचं ओझं ठेवायचं नाही, ही आमची शिस्त आहे.

मी बी.कॉम. आहे. लग्नाआधी हिशेबाचं काम करत होते, ते सोडलं. पहिल्या क्वार्टरात असताना एका शाळेत लागले, आठ महिन्यांत बदली आली. इथे परतल्यावर एका ठिकाणी मुलाखतीला गेले. कागद न बघताच विचारलं गेलं, ‘मिस्टर फौजेत? मग तुम्ही किती दिवस टिकणार?’ त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तो खरा होता. लोकलच्या महिला डब्यातून परत येताना अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरीच्या कामगार बायका चढल्या, ड्यूटी सुटलेल्या. १९५३ पासूनचा हा कारखाना. दारूगोळ्याला लागणारे धातूचे भाग इथे बनतात. सासरे फौजेतून आल्यावर तिथेच लागले होते. त्या बायकांचे दमलेले, स्वतःच्या पगाराचे चेहरे मी बदलापूर येईपर्यंत बघत राहिले. त्या रात्री दादीच्या आईचे पापड आठवले. गाव, घर, शेजार मागे राहिला तरी तिचे हात तिच्यासोबत आले होते. मला असंच काम हवं होतं, ट्रंकेत मावणारं.

१ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला. उल्हासनगरच्या गल्लीगल्लीत खळबळ होती. पिढ्यान्‌पिढ्या वहीत हिशेब लिहिणारे फर्निचरवाले, कापडवाले, जीन्स शिवणारे आता दर महिन्याला ऑनलाइन विवरण भरणार होते. मी अंबरनाथला ‘टॅली’ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा क्लास लावला. मुलगा शाळेत असायचा त्या वेळेत जायचे. पहिलं काम मिळालं ते त्याच पडद्याच्या दुकानाचं. दादीने आपल्या मुलाला सांगितलं, ‘हिला दे. हिचा नवरा सरहद्दीवर आहे, ही हिशेबात चुकायची नाही.’ मग शेजारचा जीन्सवाला आला, मग एक गादीवाला.

तेव्हापासून माझ्या कालनिर्णयावर दोन रंग आहेत. लाल वर्तुळात ह्यांच्या रजेच्या तारखा, निळ्या वर्तुळात अकरा आणि वीस. अकरा तारखेला विक्रीचा तपशील, वीस तारखेला कराचं विवरण. लाल तारखा पुसल्या जातात, पुढे ढकलल्या जातात. निळ्या मात्र दर महिन्याला ठरल्या जागी उभ्या असतात. ज्या घरात कशाचीच तारीख पक्की नसते, तिथे या दोन तारखांनी मला किती आधार दिला, ते कसं सांगू!

२६ जुलै २०१९ च्या रात्री उल्हास नदी फुगली. बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. सुमारे हजार प्रवासी. एनडीआरएफ आणि नौदलाने त्यांना दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं. आमच्या तळमजल्याच्या पायरीला पाणी लागलं तेव्हा मी आधी मुलाला वरच्या मजल्यावर पोचवलं, मग सासूबाईंना, मग बिलांचे गठ्ठे. सकाळी दुकानात फोन केला, ‘सेठ, बिलं कोरडी आहेत.’ पलीकडे क्षणभर कुणी बोललं नाही. मग ते म्हणाले, ‘भाभी, बच्चा ठीक आहे ना?’ ह्यांना हे सगळं मी रजेवर आल्यावर सांगितलं.

पुढे दोन वर्षं झाशीला क्वार्टर मिळाला. दर महिन्याची बिलं कॅम्पातून फोटो होऊन फोनवर यायची. मी झाशीच्या उन्हाळ्यात उल्हासनगरचे पडदे, गाद्या, जीन्स मोजायची. छावणीतल्या बायकांसाठी ‘आवा’चे शिवणाचे, संगणकाचे वर्ग असतात. सैनिकपत्नींची ही संस्था १९६६ पासूनची. तिथे ओळख झालेल्या दोघींना मी टॅली शिकवलं. एक आता जोधपूरला आहे, एक बेळगावला. कामं त्यांच्याबरोबर गेली.

सैनिकाच्या बायकोची कहाणी लोकांपर्यंत पोचते ती मात्र बहुधा दुःखातून. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी सप्टेंबर २०१७ मध्ये चेन्नईच्या अकादमीतून स्वतः लष्करी अधिकाऱ्याची वर्दी चढवली. साताऱ्याच्या माहेरवाशिणीला हे सांगताना आजही गळा दाटतो. पण मला वाटतं, सैनिकाच्या बायकोकडे समाजाची नजर तिच्या कपाळावरचं कुंकू पुसल्यावरच वळू नये. नवरा सुखरूप असतानाही तिला काम हवं असतं. जवान चाळिशीच्या आसपास निवृत्त होऊन घरी येतो, तेव्हा दोघांपुढे अर्धं आयुष्य उरलेलं असतं. अग्निवीर तर चार वर्षांनीच, आणि चारांतला फार तर एक पुढे कायम होतो. अशा घरात बायकोचं काम म्हणजे विरंगुळा नव्हे. ती त्या घराची दुसरी भिंत असते. तिला काम देताना ‘किती दिवस टिकणार’ असं विचारण्याऐवजी ‘जाल तिथून कराल का’ असं विचारलं, तर शिकलेल्या, शिस्तीच्या किती बाया उभ्या राहतील!

आज वीस तारीख. ह्यांची पलटण पुन्हा फील्डवर गेली आहे, आम्ही पुन्हा बदलापूरला आहोत. दादी गेल्या वर्षी गेली, तिच्या दुकानाचं विवरण मी शेवटी ठेवते. पावणेअकराला ते भरलं. क्षणात स्क्रीनवर पोच उमटली, मोठ्या आकड्याची. सासूबाई अजून जाग्या होत्या. म्हणाल्या, ‘आली?’

कुणाची, ते त्यांनी विचारलं नाही.

‘एक आली, आई,’ मी म्हटलं आणि फोन उशाशी ठेवला. दहाच्या मेसेजखाली अजून एकच टिक होती.