गेलेला आजार

बारा वर्षांपूर्वी अब्बांच्या पोटात जळजळ सुरू झाली, तेव्हा आम्ही रमजानमधल्या भज्यांना दोष दिला. ईद उलटली तरी थांबेना म्हणून मिरजेला दुर्बिणीने तपासणी केली. जठराच्या अस्तराचा बारीक तुकडा काढून पाठवला. रिपोर्ट आला, माल्ट लिम्फोमा. कॅन्सरच, पण सावकाश वाढणारा.

पुढच्या तपासण्या सांगितल्या, तेवढ्यात बहिणीचा निकाह ठरला. अब्बा म्हणाले, "लेकीला निरोप देऊ, मग माझं बघा." अम्मीने नफील रोजे धरले. खालाजानने हजहून आणलेलं झमझम दिलं. तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घातली, तर आजार सापडेना! डॉक्टरांनी जुन्या स्लाइड परत तपासून घेतल्या. निदान बरोबरच होतं. "क्वचित आपोआप जातो," ते म्हणाले, "पण दरवर्षी दाखवायला या."

आम्ही शुक्राना अदा केला, मोहल्ल्यात जेवण घातलं. दोन वर्षं गेलोही. तिसऱ्या वर्षी मीच म्हणालो, "अब्बा ठणठणीत आहेत, कशाला उगाच त्रास?" खरं कारण दुकानाचा सीझन होता. हे मी घरात आजवर बोललेलो नाही.

गेल्या हिवाळ्यात अब्बांची भूक मेली. तुकडा तपासला. तोच आजार, जवळपास त्याच जागी. सोबत हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू.

जठराची सूज आणि अल्सर या जंतूमुळे होतात हे ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवलं. कुणी विश्वास ठेवेना म्हणून १९८४ मध्ये मार्शल स्वतःच तो जंतू प्यायले आणि आजारी पडले! २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. माल्ट लिम्फोमाही बहुतेक वेळा याच जंतूच्या जुन्या दाहातून उगवतो. १९९३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ६ रुग्णांची हकिगत आली. नुसता जंतू मारला आणि ५ जणांच्या तुकड्यांत लिम्फोमा दिसेनासा झाला.

डॉक्टरांनी विचारलं, "तेव्हा त्या तीन महिन्यांत काही गोळ्या घेतल्या होत्या?" अम्मीला आठवलं, निकाहच्या आठवड्यात अब्बांची दाढ सुजली होती आणि दातांच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं होतं. "कदाचित त्याने जंतू दबला असेल, मेला नसेल. नक्की सांगता येणार नाही."

अम्मी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण दाढ कुणी सुजवली?" डॉक्टर हसले.

आता १४ दिवसांचा कोर्स झाला आहे. दोन अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणारी गोळी. तोंड कडू पडायचं, अब्बा सगळ्यांवर चिडायचे. फुंकर मारून करायच्या तपासणीत जंतू गेल्याचं दिसलं. लिम्फोमा विरायला मात्र कित्येक महिने लागतात. नाहीच गेला तर रेडिएशन.

पुढची तपासणी सफर महिन्यात आहे. उपाशीपोटी जायचं असतं, अब्बा त्याला 'दुर्बिणीचा रोजा' म्हणतात. तारीख मी दुकानातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवली आहे.